डोळे मिटून गाडी बघणारे नाना

नाना गाडीची परीक्षा झोपून घ्यायचे. खोटं वाटेल, पण आमच्या सावेडीतल्या कॉलनीत कुणालाही विचारा. नवी गाडी घ्यायची ठरली की लोक मोबाईलवर ढीगभर व्हिडिओ बघायचे, मेहुण्याचा सल्ला घ्यायचे, साडूशी वाद घालायचे आणि शेवटी नानांच्या दारात येऊन उभे राहायचे. नाना टोपी घालून निघायचे. शोरूमच्या ट्रायल गाडीत मागच्या सीटवर बसायचे, डोळे मिटायचे आणि घोरायला लागायचे. गाडी फिरून परत येईपर्यंत झोप टिकली तर गाडी पास. मध्येच दचकून उठले तर नापास, मग साडूचं म्हणणं काहीही असो.

या माणसाने जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. ब्रेक कुठल्या पायाखाली असतो हेही त्यांना धड सांगता आलं नसतं. आणि त्यांच्या घोरण्यावर शिकलेसवरलेले लोक गाड्या ठरवायचे! मला हा सगळा येडेपणा वाटायचा आणि मी तो बोलूनही दाखवायचे. माझी जीभ माझ्या ताब्यात नसते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. नाना हसायचे. "तू घेशील तवा मला नको नेऊ," म्हणायचे. "पन नेशील."

नाना मूळचे पाथर्डीचे. तिथे त्यांचं साड्यांचं दुकान होतं, पुढे ते नगरच्या कापड बाजारात आले. मी लग्न होऊन आले तेव्हा दुकान पुतण्याच्या हवाली करून ते आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहत होते. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नव्हतं. एवढंच आम्हाला माहीत होतं. नगरमध्ये एवढ्यावर कुणी थांबत नाही, पण इथे सगळे थांबले होते. कारण तसे गप्पिष्ट असलेले नाना बायकोचा विषय निघाला की आपल्या खांद्यामागे बघायला लागायचे, अगदी रोखून, तिथे कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखे. मग आपणच मागे वळून बघायचो आणि पावसापाण्याचं काहीतरी बोलायला लागायचो.

गाडीत बसताना ते चपला काढायचे. साडीच्या दुकानातली सवय. गादीवर चपला घालून चढायचं नाही, हे हाडात मुरलेलं. "बसायची जागा म्हंजी गादी. तितं पायतान कशाला?" चपला शोरूमच्या पायरीवर राहायच्या आणि नाना अनवाणी फिरून यायचे. एकदा बायपासवर ट्रायलची गाडी पंक्चर झाली आणि भर उन्हात तापलेल्या डांबरावर नानांना नाचत उभं राहावं लागलं. आम्ही म्हटलं, आता तरी खोड मोडेल. कसली मोडते! पुढच्या वेळी चपला पुन्हा पायरीवरच.

"गाडी न् साडी दुकानात समद्याच चांगल्या दिसत्यात, पोरी," असं त्यांचं पालुपद होतं. "आरशात बघून साडी घेनारी बाई फसती. डोळे मिटून पदर हातात घेती ना, ती न्हाई फसत." आणि दुसरं एक म्हणायचे, ते मला तेव्हा नुसतंच टाळीचं वाक्य वाटलं होतं. "गाडी चालवनाऱ्याची नसती, मागं बसनाऱ्याची असती. चालवनाऱ्याच्या हातात चाक तरी असतं. मागच्याच्या हातात काय असतं?"

एक गोष्ट मात्र विचित्र होती. ते नेहमी चालवणाऱ्याच्या मागे बसायचे आणि शेजारच्या, डाव्या बाजूच्या सीटवर कुणाला बसू द्यायचे नाहीत. घरची माणसं दुसऱ्या फेरीला जायची. झोप लागली की नानांचा डावा हात आपोआप मांडीपाशी यायचा आणि हवेतच हळूहळू फिरायला लागायचा, आपण आजारी पोराच्या केसांतून फिरवतो तसा. शोरूमची पोरं सुरुवातीला आरशात बघून हसायची. पुढे पुढे हसेनाशी झाली.

आमची पाळी आली ती आईंच्या मणक्यामुळे. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना वरचेवर दवाखान्यात न्यावं लागायचं, आणि आमच्या जुन्या छोट्या गाडीत प्रत्येक स्पीडब्रेकरला त्या असा काही उसासा टाकायच्या की जणू तो स्पीडब्रेकर मीच घातलाय. "सावकाश गं बाई, सावकाश!" सुप्याच्या कारखान्यात मी हिशेब बघते, रोज पुणे रोडने जाऊन येऊन करते. मला हवी होती पिकअपवाली गाडी, पाय ठेवला की पळणारी. आईंना हवी होती मऊ. नवरा बोटीवर नोकरीला, त्याचं मत फोनवर यायचं आणि रेंज गेली की तेही जायचं. शेवटी दोन गाड्या उरल्या, दोन्ही उंच, घरच्यासाठी म्हणून असतात तशा. पांढरी लोण्यासारखी, खड्डा आला तरी पोटातलं पाणी हलू न देणारी, पण चढाला रडणारी. करडी घोडीसारखी ताकदीची, पण बसायला जरा कडक. घरात पंधरा दिवस महाभारत चाललं आणि मग मी, हो मीच, नानांच्या दारात गेले. ते टोपी घालूनच बसले होते.

पांढरीत आईंची फेरी आधी झाली. त्या खूश होऊन शोरूममध्ये चहा घेत बसल्या. मग नानांना घेऊन मी निघाले, शेजारी शोरूमचा सेल्समन. केडगावच्या पुढे बायपासला लागलो तोच नाना घोरायला लागले, आणि लगेच टिंग, टिंग, टिंग असा आवाज सुरू झाला. "मॅडम, मागे पर्स ठेवलीय का?" सेल्समन म्हणाला. "सीटवर वजन आलं की पट्टा लावा म्हणून सेन्सर ओरडतो." पर्स माझ्या पायाशी होती, नानांचा पट्टा लावलेला होता. मी आरशात बघितलं. डावी सीट रिकामी होती, आणि नानांचा हात मांडीवर फिरत होता.

मग नाना झोपेत बोलले. पुटपुटले नाहीत, स्वच्छ बोलले. "सावकाश घ्या. तिला दुखतंय." जरा थांबून म्हणाले, "कुटवर आलो?" आणि कुणीतरी उत्तर दिल्यासारखी मान हलवली. शोरूमच्या फाटकात नानांनी डोळे उघडले, त्याच क्षणी टिंगटिंग थांबलं. ते अगदी हिरमुसलेले दिसले. "गाडी लई मऊ हाय," म्हणाले. "हूं का चूं केलं न्हाई तिनं."

"कुणी?" मी विचारलं.

"गाडीनं," नाना म्हणाले, आणि चपला घालायला गेले.

सेल्समनने मला हळूच मागे बोलावलं. डावीकडचं मागचं दार उघडून आतल्या बाजूला, खाली, बोट ठेवलं. प्लास्टिकवर बारीक बारीक ओरखडे होते, शेजारी शेजारी. "नाना येऊन गेले की हे होतं, मॅडम. पुसून जात नाही. आणि नाना तर या बाजूला बसतच नाहीत." मी म्हटलं, "कुणाच्या तरी छत्रीचे असतील." तो हो म्हणाला. दोघांनाही ते पटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी करडी. रस्ता मोकळा मिळाला आणि मी पाय दाबला. काय सांगू, गाडी अशी निघाली की मी नाना, टिंगटिंग, ओरखडे, सगळं विसरले! टिंगटिंग चालूच होती. मग मागून नानांचा श्वास ऐकू यायला लागला, जोरजोरात. "सावकाश... अवं सावकाश..." आणि एकदम ते किंचाळले, "थांबवा! थांबवा!" मी गाडी कडेला घेतली. नाना जागे होते, घामाने सदरा चिकटलेला, आणि दोन्ही हात मांडीवर असे धरलेले की जणू त्यात काहीतरी आहे आणि ते पडू द्यायचं नाही.

"म्हणजे नापास," मी म्हटलं. माझा जीव त्या गाडीत अडकला होता, वाईट वाटणारच.

"गाडी न्हाई नापास," नाना म्हणाले. "मी नापास."

परत आल्यावर त्यांना पंख्याखाली बसवलं. आई तिथेच होत्या. त्यांनी पाण्याचा पेला नानांच्या हातात दिला आणि सरळ विचारलं, "नाना, गाडीत तुमच्याबरोबर कोण असतं?" मी इतकी फटकळ, पण हे विचारायचं धाडस मला झालं नव्हतं.

नानांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "शकू असती, वहिनी. आमची बायको."

तिच्या पोटात दुखायला लागलं ते पाथर्डीत. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, अपेंडिक्स आहे, नगरला न्या, वेळ घालवू नका. भाड्याची जीप मिळाली. त्या काळचा तो रस्ता, डांबर नावाला. मागच्या सीटवर तिचं डोकं नानांच्या मांडीवर आणि पाय पलीकडच्या दाराला. "खड्डा आला की ती वरडायची. म्हनायची, सावकाश घ्यायला सांगा हो, न्हाई सोसवत. मी डायव्हरला म्हनायचो, सावकाश. तो बिचारा आनकी सावकाश घ्यायचा. करंजीचा घाट आमी मुंगीच्या पायानं चढलो. नगर जवळ आलं, चांदबिबीचा महाल दिसला तवा ती गप झाली. मला वाटलं, बरं झालं, झोप लागली." नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दवाखान्यात डॉक्टर म्हनले, जरा आधी आनायचं हुतं. मी तिचं ऐकलं, वहिनी. लई ऐकलं."

पुढे फार वर्षांनी एका शेजाऱ्याने सहज म्हणून त्यांना ट्रायलला नेलं आणि मागच्या सीटवर त्यांचा डोळा लागला. स्वप्नात शकू मांडीवर होती. "गाडी नवी, रस्ता त्योच. तवापासून जो कोन बोलवंल त्याच्यासंगं जातो. जशी गाडी तसा रस्ता पुढं सरकतो, पोरी. खडखडी गाडीत घाटातच समदं संपतं. कालच्या पांढरीत तिला कायबी दुखलं न्हाई, पन महालापाशीच गप झाली, पयल्यासारखी. न् ह्या करडीत... महाल मागं पडला! भिंगार दिसलं, नगरची येसच की ती! आजवर मला भिंगार दिसलं नव्हतं. ती वरडत हुती, म्हंजी जित्ती हुती. पन म्हनाली सावकाश, न् माझ्या तोंडातून गेलं, थांबवा."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण मला त्या म्हाताऱ्याची इतकी दया आली की भीती वाटायला जागाच उरली नाही. इतकी वर्षं हा माणूस लोकांच्या गाड्यांत बसून बायकोला दवाखान्यात पोचवत होता, आणि आम्ही त्याच्या घोरण्यावर विनोद करत होतो.

बोलल्या त्या आई. "नाना, दुखत असलं की माणूस सावकाशच म्हणतं. मी हिला रोज म्हणते. म्हणून काय दर वेळी ऐकायचं असतं? दुखणाऱ्याला पोचायचंही असतंच की." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "करडीच घे."

मी चाटच पडले. पंधरा दिवस मऊ मऊ म्हणून जिने माझं डोकं खाल्लं ती ही बाई! "अहो पण तुमचा मणका?"

"मणक्याखाली गोधडी घालीन. तू घे."

आमच्याकडे नवी गाडी आली की आधी मोहटादेवीला न्यायची असते. देवीचं ठाणं पाथर्डीच्या पलीकडे, म्हणजे येताना रस्ता तोच, पाथर्डीहून नगरचा. नानांना वेगळं बोलवावं लागलं नाही. चाकांखाली लिंबं ठेवून, बॉनेटला हार घालून आम्ही तिघं सकाळीच निघालो. जाताना नाना टक्क जागे होते. देवीपुढे ते काय बोलले कुणास ठाऊक, पण गाभाऱ्यातून बाहेर यायला त्यांनी फार वेळ लावला.

परत निघताना त्यांनी चपला काढून डिकीत ठेवल्या आणि माझ्या मागे बसले. आई पुढे होत्या. त्यांनी स्वतःच्या खालची गोधडी ओढून काढली, उतरल्या, मागचं डावं दार उघडलं आणि ती रिकाम्या सीटवर नीट चौघडी करून अंथरली. "तिच्या अंगाखाली असू दे," म्हणाल्या. नाना हात जोडून बसले. मी म्हटलं, "आई, आता तुम्ही कशावर बसणार?" तर म्हणतात, "माझा मणका पोचतो घरी. तू गाडी काढ."

"पोरी," नाना मागून म्हणाले, "मी झोपंत काईबी म्हनलो तरी सावकाश घेऊ नको. त्या डायव्हरनं माझं ऐकलं. तू ऐकू नको."

तिसगाव मागे पडलं आणि घोरणं सुरू झालं. पाठोपाठ टिंग, टिंग, टिंग. बाहेर लख्ख दुपार होती, रस्त्याकडेला शेळ्या चरत होत्या, एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. सगळं रोजचंच, आणि माझ्या पाठीमागे ते टिंगटिंग. करंजी ओलांडून घाटाला लागलो. नाना म्हणाले, "सावकाश."

माझा पाय आपोआप वर आला. खरं सांगते, मी उचलला नव्हता. सवयच ती, मागून कुणी सावकाश म्हटलं की पाय उचलायची. तेवढ्यात कुणीतरी कण्हलं. बारीक, दात आवळून. तो आवाज नानांचा होता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. आई समोर काचेतून बघत होत्या, त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "चालव," त्या म्हणाल्या. "चालव गं!"

मी पाय दाबला. गाडीने एकदम ओढ घेतली आणि चढ असा मागे टाकला की चढ होता हे कळलंच नाही. मागे नाना रडत होते. सावकाश, सावकाश म्हणत होते, आणि मी रडत रडतच पळवत होते. घाटमाथ्यावर आलो आणि त्यांचा आवाज बदलला. रडतच होते, पण म्हणाले, "सोस गं. थोडं सोस, शकू. आलंच बघ." ते ऐकून आईंनी पदर तोंडाला लावला.

कौडगाव गेलं, मेहेकरी गेली. मग डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसायला लागला. लहानपणापासून सहलीला जाऊन तिथे भेळ खाल्लेली मी, पण त्या दिवशी तो महाल आमच्याकडे बघतोय असं वाटत होतं. इथेच ती गप झाली होती. आम्ही दोघी श्वास रोखून ऐकत होतो. टिंग... टिंग... टिंग... चालू होतं. चालूच राहिलं! गाडीच्या अलार्मवर एवढा जीव कुणी लावला नसेल. "आहे," आई म्हणाल्या. "आहे अजून."

भिंगार आलं. पुढे घरी जायला एक रस्ता आणि मोठ्या दवाखान्याला एक. मला कुणी काही सांगितलं नाही. मी दवाखान्याकडे वळवली, फाटकातून आत घेतली आणि दाराशी थांबवली. समोर डॅशबोर्डच्या पडद्यावर गाडीचं चित्र उमटलं, मागचं डावं दार उघडं. मानेला बाहेरच्या उन्हाची गरम झुळूक लागली. मग दार लागल्याचा आवाज आला, अगदी हलका, झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून लावतात तसा. चित्र गेलं. टिंगटिंग थांबलं. मला मागे वळायचा धीर झाला नाही. आरशात बघितलं तर नाना जागे होते आणि दवाखान्याच्या दाराकडे बघत होते.

"उतरली," ते म्हणाले. "आपल्या पायानं गेली बघ."

घरी आल्यावर आई गोधडी उचलायला गेल्या आणि तशाच थांबल्या. गोधडी चुरगळलेली होती, मधोमध दबलेली. दाराच्या आतल्या बाजूला, खाली, बारीक ओरखडे होते, शेजारी शेजारी. आमच्या नव्याकोऱ्या गाडीला! आईंनी त्यावरून बोट फिरवलं, मग साडी जराशी उचलून स्वतःचं पाऊल दाराजवळ नेलं. जोडवी बरोबर तिथे लागत होती. "पाय ताणले असतील बिचारीने," एवढंच त्या म्हणाल्या. मी मात्र दुसऱ्या दिवशी त्या दाराचं चाइल्ड लॉक लावून टाकलं, आतून उघडूच नये म्हणून. भीती म्हणा, काही म्हणा.

त्यानंतर नानांना गाडीत झोप येईना. लोक न्यायचे, नाना डोळे मिटायचे आणि क्षणात उघडायचे. कॉलनीत बोभाटा झाला की नानांची विद्या गेली. एकाने तर तोंडावर म्हटलं, आता कशाला यायचं उगाच. नाना खळखळून हसले. मला म्हणाले, "आता कशाची झोप, पोरी? पोचलो की." आमच्या गाडीत ते मजेने यायचे आणि खिडकीतून लहान पोरासारखे बाहेर बघत बसायचे. "ह्या रोडला चिंचा हायती व्हय? मला म्हाईतच न्हाई!" मधल्या वर्षांत त्यांनी रस्ता कधी बघितलाच नव्हता. मी त्यांना उगाचच लांबच्या वाटेने फिरवून आणायचे. वडील लवकर गेल्यामुळे की काय, मला त्या म्हाताऱ्याचा लळा लागला होता.

गेल्या थंडीत एका सकाळी नानांनी आमची बेल वाजवली. छातीवर हात, कपाळावर घाम. मी चावी घेऊन धावले. आई पुढे बसल्या. नानांना आधार देऊन त्यांच्या नेहमीच्या जागेकडे न्यायला लागले तर त्यांनी माझा हात सोडवला आणि गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. त्या सीटवर ते आयुष्यात पहिल्यांदा बसले. पट्टा लावू दिला नाही. टिंगटिंग सुरू झालं.

"सावकाश घे," नाना म्हणाले.

"अजिबात नाही!" मी ओरडले. "तुम्हीच शिकवलंय, ऐकायचं नाही म्हणून!"

ते हसले, हसताना त्यांना धाप लागली. "तिचं येगळं हुतं, पोरी. तिला पोचायचं हुतं. मला नुसतं भेटायचंय." मी ऐकलं नाही. जेवढी पळेल तेवढी पळवली. मागे टिंग, टिंग चालू होतं आणि मी मनात म्हणत होते, वाज बाई, वाजत राहा.

दवाखान्याच्या दाराशी गाडी थांबवली, लॉक सोडले, आणि मी माझं दार उघडायच्या आत समोर पडद्यावर ते चित्र उमटलं. मागचं डावं दार उघडं. टिंगटिंग थांबलं. मी वळले. नाना मान टेकून बसले होते, डोळे मिटलेले, हात मांडीवर शांत पडलेला. दार सताड उघडं होतं. बाहेर कुणी नव्हतं. रखवालदार पार फाटकाशी होता, तो नंतर धावत आला. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं आणि आमच्याकडे बघून मान हलवली. मी ढसाढसा रडले. आई रडल्या नाहीत. उघड्या दाराकडे बघत म्हणाल्या, "आली गं ती घ्यायला."

गॅरेजवाला दर सर्व्हिसिंगला विचारतो, ताई, ते ओरखडे काढून देऊ का? मी नको म्हणते. परवा त्याने गाडी धुताना हाक मारली, "ताई, या दाराचं चाइल्ड लॉक लागलंय, हे आतून उघडत नाही." मी म्हटलं, माहीत आहे, पहिल्यापासून लागलेलंच आहे.